सोसायटीच्या हॉलमध्ये रोबोटिक्सचा वर्ग : पहिल्यांदाच शिकवणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

सुट्ट्या लागल्या की ‘एका दिवसात रोबो बनवा’ अशा जाहिराती मुंबईच्या प्रत्येक उपनगरात दिसू लागतात. अशा शिबिरातून मूल संध्याकाळी चालता रोबो घेऊन घरी येते, तो दोन दिवस खोलीभर फिरतो, तिसऱ्या दिवशी एखादी तार निघते आणि रोबो कपाटावर जाऊन बसतो, कारण ती तार कुठून निघाली आणि ती तिथे होती तरी कशासाठी, हे त्या मुलाला कोणी सांगितलेलेच नसते. ज्यांना याहून वेगळ्या रीतीने शिकवायचे आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे : अभियांत्रिकीचे विद्यार्थी, विज्ञानाचे शिक्षक, निवृत्त तंत्रज्ञ, किंवा स्वतःच्या मुलाबरोबर शेजारच्या चार मुलांना गोळा करू पाहणारे पालक. सहावी ते नववीची मुले, आठवड्यातून एकदा दोन तास आणि साधारण चार महिने, असा वर्ग मी गृहीत धरला आहे. खाली दिलेला क्रम एकाच हेतूने लावलेला आहे, तो म्हणजे न चालणाऱ्या सर्किटमधला बिघाड मुलाला स्वतः शोधता यावा. रोबो त्या वाटेवर कधीतरी तयार होतोच.

१. जागा, वेळ आणि कागदपत्रे

सोसायटीचा हॉल, वाचनालयाची वरची खोली, मंडळाचे कार्यालय किंवा शाळेची प्रयोगशाळा, यांपैकी काहीही चालते. मात्र भरपूर उजेड, हलणार नाहीत अशी टेबले आणि निदान दोन चालू प्लगपॉइंट हवेत. उजेडाचा आग्रह धरण्याचे कारण असे की पिवळट दिव्याखाली रेझिस्टरवरचा (हा प्रवाह कमी करणारा छोटा भाग, त्याचा रोध रंगीत पट्ट्यांवरून कळतो) लाल पट्टा आणि नारिंगी पट्टा मुलांना वेगळा ओळखू येत नाही, आणि मग अर्धा तास भलत्याच ठिकाणी चूक शोधण्यात जातो.

सोसायटीच्या कमिटीला ‘इलेक्ट्रॉनिक्स’ म्हटले की शॉक आणि आग यांचीच भीती वाटते. म्हणून पत्रातच स्पष्ट लिहावे की मुले फक्त सेलवर चालणारी, ९ व्होल्टपर्यंतची सर्किटे हाताळतील आणि घरातल्या २३० व्होल्टच्या विजेवरचे कोणतेही काम त्यांच्या हाती दिले जाणार नाही. हा नियम पत्रापुरता ठेवू नये. एखादा उत्साही मुलगा बिघडलेला मोबाइल चार्जर उघडायला घेऊन येतोच. तो तसाच परत पाठवावा.

सुरुवातीला हे कागद तयार ठेवावेत :

- जागेच्या परवानगीचे पत्र : सोसायटी असल्यास सचिवांच्या नावे, शाळा असल्यास मुख्याध्यापकांच्या नावे, शाळा महानगरपालिकेची असेल तर शिक्षण विभागाची लेखी परवानगीही लागेल असे धरूनच तयारी करावी.
- तुमच्या आणि मदतनिसांच्या ओळखपत्रांच्या प्रती.
- प्रत्येक पालकाचे सही केलेले संमतिपत्र : त्यात सोल्डरिंगचा (तापलेल्या आयर्नने धातूची तार वितळवून सांधे जोडण्याचा) उल्लेख, मुलाला न्यायला कोण येणार, संपर्क क्रमांक आणि छायाचित्रे काढण्यास हरकत आहे की नाही, हे सर्व असावे. व्हॉट्सॲपवरच्या अंगठ्याला संमती मानू नये.
- सामानाची नोंदवही.

वेळापत्रक ठरवताना मुंबईचे वर्ष डोळ्यांसमोर ठेवावे. मे महिन्यात अर्धी मुले गावी असतात, गणपती आणि नवरात्रात हॉल मिळत नाही आणि मार्च परीक्षांचा असतो. दिवाळीची सुट्टी संपल्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ सर्वांत सलग मिळतो आणि हवाही कोरडी असते.

मुले बारापेक्षा जास्त घेऊ नयेत आणि मोठी माणसे निदान दोन असावीत. दोन मुलांत एक संच द्यावा. एकाने जोडणी करायची, दुसऱ्याने मल्टिमीटर (व्होल्ट, प्रवाह वगैरे मोजण्याचे यंत्र) धरायचा आणि अर्ध्या वेळाने अदलाबदल करायची. सख्खी भावंडे एका संचावर बसवू नयेत, याची कारणे पालकांना सांगावी लागत नाहीत.

२. सामानाची यादी आणि खरेदी

सहा जोड्यांच्या वर्गाला पहिल्या दोन महिन्यांसाठी लागणारे सामान फार नाही. प्रत्येक जोडीला एक ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता भाग खोचून सर्किट जोडायचा छिद्रांचा बोर्ड), तीन एए सेलचा होल्डर, लाल, हिरवे आणि पांढरे एलईडी, २२० ओहम, १ किलोओहम, १० किलोओहम आणि १०० किलोओहमचे रेझिस्टर, बीसी५४७ ट्रान्झिस्टर, एक एलडीआर (उजेडात रोध कमी होणारा रेझिस्टर), एक छोटा बझर, पुश बटण, जंपर वायर (ब्रेडबोर्डात खोचायच्या तारा) आणि एक साधा डिजिटल मल्टिमीटर द्यावा. सर्वांसाठी सामायिक म्हणून वायर कटर, स्ट्रिपर, छोटी पक्कड, पेचकसांचा संच, २५ वॅटचे दोन सोल्डरिंग आयर्न स्टँडसह, सोल्डर वायर आणि ग्लू गन एवढे पुरते. आर्डुइनो (संगणकावरून प्रोग्रॅम टाकून चालवायचा छोटा बोर्ड) आणि मोटारी आत्ताच घेऊ नयेत. त्या कपाटात आहेत हे मुलांना कळले की सेल आणि रेझिस्टरमध्ये कोणाचे मन रमत नाही.

खरेदी ऑनलाइनही होते, पण पहिली खरेदी लॅमिंग्टन रोडवर जाऊन करावी असे माझे ठाम मत आहे. पाट्यांवर या रस्त्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, बोलण्यात मात्र सगळे लॅमिंग्टन रोडच म्हणतात. धीम्या लोकलने ग्रँट रोडला उतरून पूर्वेला बाहेर पडले की थोड्या चालीवर दुकाने सुरू होतात. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात आणि सकाळी लवकर जाऊनही उपयोग नसतो, त्यामुळे आठवड्यातली एखादी दुपार मोकळी काढावी.

काउंटरवर गर्दी असते आणि बोलणे हिंदीत, भराभर चालते. ‘दो सौ बीस ओहम’ एवढेच सांगितले की लगेच प्रश्न येतो, ‘क्वार्टर वॅट या हाफ?’ आपल्या कामाला पाव वॅट पुरतो. म्हणून प्रत्येक वस्तूपुढे ओहम, वॅट आणि नग लिहिलेली यादी कागदावर न्यावी आणि तीच काउंटरवर ठेवावी. माणूस डबे उघडत जातो आणि तुम्ही खुणा करत जाता. रेझिस्टर शंभराच्या पट्टीने घेतले तर सुट्यापेक्षा बरेच स्वस्त पडतात. एलईडी आणि ट्रान्झिस्टर गरजेपेक्षा निम्म्याने जास्त घ्यावेत, कारण ते जळणार आहेत आणि जळायलाच हवेत. बिल शाळेच्या किंवा संस्थेच्या नावाने हवे असेल तर ते आधी सांगावे. सामान बांधून झाल्यावर सांगितले की कुरकुर होते.

खरेदीतले तीन सापळे सांगून ठेवते. अगदी स्वस्त ब्रेडबोर्डची छिद्रे सैल असतात आणि त्यात तार धरत नाही. दुकानातच एक जंपर वायर घालून ब्रेडबोर्ड उलटा धरून पाहावा. काही लांब ब्रेडबोर्डांवर कडेच्या प्लस-मायनसच्या पट्ट्या मध्यावर तुटलेल्या असतात, त्यामुळे अर्धा बोर्ड मेल्यासारखा वागतो. मल्टिमीटरने दोन्ही टोके तपासावीत. आणि जुना प्रिंटर किंवा डीव्हीडी ड्राइव्ह भंगारवाल्याकडून घेऊन मोटारी काढणे उत्तमच, परंतु मायक्रोवेव्ह, जुना टीव्ही, कॅमेऱ्याचा फ्लॅश आणि संगणकाचा पॉवर सप्लाय यांना मुलांच्या जवळपासही आणू नये, कारण त्यांतले कपॅसिटर प्लग काढल्यानंतरही धोकादायक भार धरून ठेवू शकतात.

३. पहिला महिना : सेल, एलईडी आणि मल्टिमीटर

पहिल्या तासाला संगणक नको, पडद्यावरचे सादरीकरण नको आणि ओहमचा नियमही नको. तीन सेल, एक २२० ओहमचा रेझिस्टर आणि एक लाल एलईडी मुलांच्या हाती द्यावा आणि तो पेटवायला सांगावे. सेल साधे झिंक-कार्बनचे घ्यावेत. अल्कलाइन सेल जास्त टिकतात, पण शॉर्ट झाल्यावर ते जास्त प्रवाह देतात आणि होल्डर हाताला चटका बसण्याइतका तापतो. पहिल्या महिन्यात शॉर्ट होणे अटळ असते. त्याच कारणाने लिथियमचे ‘१८६५०’ आकाराचे सेल नवख्या मुलांच्या वर्गात आणूच नयेत, शिबिरांतून ते कितीही सर्रास वापरले जात असले तरी. चपटी ९ व्होल्टची बॅटरीही नको. ती महाग असते, लवकर संपते आणि पुढे मोटारीला तर काहीच कामाची नसते.

एलईडी पेटला की गणिताकडे वळावे. तीन सेलचे ४.५ व्होल्ट, लाल एलईडीवर जाणारे साधारण २ व्होल्ट, उरलेले २.५ व्होल्ट रेझिस्टरवर, २.५ भागिले २२० म्हणजे सुमारे ११ मिलिअँपिअर. राज्य मंडळाच्या पुस्तकात धाराविद्युत आठवी-नववीत येते, त्यामुळे मोठ्या मुलांना हे सूत्र पाठ असते, पण स्वतः मोजलेला आकडा सूत्रातून निघालेल्या आकड्याच्या जवळ येतो हे पाहून त्यांना खरोखर आश्चर्य वाटते. लाल एलईडीच्या जागी पांढरा लावावा. त्याला सुमारे ३ व्होल्ट लागतात. मग दोन लाल एलईडी एकापुढे एक लावावेत, ते मिणमिणतात. दोन पांढरे तसेच लावले तर पेटतच नाहीत. का, ते मुलांनीच बेरीज करून सांगावे.

व्होल्टेज समजावताना गच्चीवरच्या टाकीचे उदाहरण मुंबईच्या मुलांना चटकन कळते : तळमजल्याच्या नळाला जोर असतो, टाकीखालच्या मजल्यावर तो नसतो. मात्र हे उदाहरण कुठे फसते तेही लगेच सांगावे. पाइप फुटला तर पाणी बाहेर वाहते, तार तुटली तर वीज बाहेर सांडत नाही. वाट पूर्ण झाल्याशिवाय ती वाहतच नाही. हे न सांगितल्यास काही मुले एका तारेवर एलईडी पेटण्याची वाट पाहत बसतात.

मल्टिमीटर दुसऱ्याच तासाला हाती द्यावा. पहिले काही आठवडे फक्त दोन गोष्टी : डीसी व्होल्टची २० ची रेंज आणि तार सलग आहे की नाही हे बीप वाजवून पाहणे. प्रवाह मोजणे मी बरेच पुढे ढकलते, कारण तांबडी पिन अँपिअरच्या भोकात राहिली आणि तसाच मीटर सेलच्या दोन टोकांना लावला की सेल थेट शॉर्ट होतो, आणि लहान रेंज असेल तर मीटरचा फ्यूज जातो.

आता या वर्गाचा गाभा. एका मुलीने हाक मारली, ‘ताई, माझा पेटतच नाही.’ जोडणी वरवर बरोबर दिसत होती. अशा वेळी आपला हात आपोआप बोर्डाकडे जातो. तो मागे घ्यावा. तिला विचारले, सेलवर किती व्होल्ट? तिने पाहिले, ४.७. एलईडीच्या दोन पायांमध्ये? शून्य. रेझिस्टरच्या दोन टोकांत? पुन्हा ४.७. थोडा वेळ ती बोर्डाकडे पाहत राहिली आणि मग म्हणाली, ‘सगळे व्होल्ट रेझिस्टरच खातोय.’ तिथून बोर्डाखालची धातूची पट्टी आठवायला तिला वेळ लागला नाही : ब्रेडबोर्डच्या एका ओळीतली पाचही छिद्रे आतून जोडलेली असतात आणि तिने एलईडीचे दोन्ही पाय एकाच ओळीत खोचले होते. मी एलईडी उचलून पुढच्या ओळीत लावला असता तर हे काम पाच सेकंदांत झाले असते आणि पुढच्या रविवारी तीच हाक पुन्हा आली असती. एखाद्या जुन्या ब्रेडबोर्डची मागची चिकटपट्टी सोलून आतल्या पट्ट्या मुलांना एकदा दाखवाव्यात. आकृतीपेक्षा तो बोर्ड जास्त बोलतो.

४. ट्रान्झिस्टर : घरी नेण्याजोगे दोन प्रकल्प

बीसी५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले की डावीकडून उजवीकडे कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम लागतो. हे चित्र भिंतीवर मोठे लावून ठेवावे. ट्रान्झिस्टरची अंतर्रचना सांगण्याच्या भानगडीत पडू नये. बेसमध्ये शिरणारा छोटा प्रवाह कलेक्टरमधला मोठा प्रवाह सुरू करतो, एवढे आत्ता पुरेसे आहे.

पहिला प्रकल्प अंधारात लागणारा दिवा. प्लसपासून १०० किलोओहमचा रेझिस्टर बेसला, बेसपासून एलडीआर मायनसला, एमिटर मायनसला, आणि प्लसपासून २२० ओहम व एलईडी यांतून कलेक्टरला. उजेडात एलडीआरचा रोध कमी असतो, बेसवरचे व्होल्टेज खाली दबून राहते आणि दिवा विझलेला राहतो. हाताने झाकले की तो लागतो. दिवा विझतच नसेल तर आधी खोलीतला उजेड पाहावा, मोबाइलचा टॉर्च एलडीआरवर मारून बघावा, आणि मग १०० किलोच्या जागी १० किलो तर लागलेला नाही ना, हे तपासावे. १ किलो म्हणजे तपकिरी-काळा-लाल, १० किलो म्हणजे तपकिरी-काळा-नारिंगी, १०० किलो म्हणजे तपकिरी-काळा-पिवळा.

दुसरा प्रकल्प पिंप भरल्याची सूचना देणारा बझर. जिथे पाणी ठरावीक वेळीच येते तिथे मोरीतले पिंप वाहून जाणे रोजचेच, त्यामुळे हा प्रकल्प घरात खरोखर वापरला जातो. प्लसपासून एक उघडी तार पिंपाच्या तोंडाशी, दुसरी उघडी तार तिथूनच १ किलोओहममधून बेसला, बझर प्लस आणि कलेक्टर यांच्यामध्ये, एमिटर मायनसला. पाणी दोन्ही तारांना टेकले की त्यातून जाणारा अगदी थोडा प्रवाह बेसला पुरतो. १ किलोचा रेझिस्टर गाळण्याचा मोह होतो, कारण त्याच्याशिवायही बझर वाजतो. पण तारा एकमेकींना चिकटल्या तर ट्रान्झिस्टरला वाचवणारा तोच असतो. आवाज बारीक आला तर दोन ट्रान्झिस्टर असे जोडावेत की पहिल्याचा एमिटर दुसऱ्याच्या बेसला आणि दोघांचे कलेक्टर एकत्र येतील. काही आठवड्यांनी प्लसची तार काळी-हिरवी पडून झिजलेली दिसते. तो विद्युत-अपघटनाचा धडा न मागता मिळतो. तारेचे टोक कापून नवे उघडे करावे.

५. सोल्डरिंग

याला एक तास पुरतो, पण तो तास इतर कशाबरोबर जोडू नये. एका आयर्नवर एक मूल आणि त्याच्या शेजारी एक मोठे माणूस, बाकीची मुले दुसऱ्या टेबलावर. केस बांधलेले, पायांत चपला, खिडकी उघडी, एक्स्टेंशन बोर्डाची वायर कोणाच्या पायात येणार नाही अशी. बाजारात सहज मिळणाऱ्या सोल्डर वायरीत ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसे असते, म्हणून साबणाने हात धुतल्याशिवाय कोणीही वडापावला हात लावायचा नाही, तुम्हीसुद्धा नाही.

टोक आधी दोन्ही तारांना टेकवून त्या तापवायच्या आणि सोल्डर वायर तारांवर लावायची. आयर्नच्या टोकावर सोल्डर वितळवून ते वरून थापायचे नाही. चकचकीत आणि तारेवर पसरलेला सांधा चांगला, गोळा होऊन बसलेला कच्चा. प्रत्येकाने पाच सांधे करावेत आणि ते ओढून पाहावेत.

६. आर्डुइनो

आर्डुइनो उनोचा जन्म इटलीतल्या इव्रेया गावात २००५ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पातून झाला आणि त्याचा आराखडा खुला असल्यामुळे त्याच्या प्रतिकृती जगभर बनतात. अस्सल बोर्ड बराच महाग असतो. वर्गासाठी प्रतिकृती चालते. मात्र तिच्यात बहुधा सीएच३४० नावाची यूएसबी चिप असते आणि संगणकाला तिचा ड्रायव्हर (ती चिप ओळखू देणारे सॉफ्टवेअर) वेगळा द्यावा लागू शकतो. हा ड्रायव्हर आदल्या रात्री घरी टाकून घ्यावा, हॉलमध्ये मोबाइलच्या नेटवर नव्हे.

लॅपटॉप कमी असतील तर टिंकरकॅड या संकेतस्थळावर ब्राउझरमध्येच आर्डुइनोचे सर्किट जोडून कार्यक्रम (म्हणजे प्रोग्रॅम) चालवता येतो. फुकट आहे आणि तिथे काही जळत नाही. घरचा अभ्यास म्हणून ते उत्तम. वर्गात मात्र खरा बोर्डच हवा, कारण टिंकरकॅडमध्ये तार कधीच सैल नसते.

पहिले तीन कार्यक्रम माझे ठरलेले आहेत : १३ क्रमांकाच्या पिनवरचा एलईडी मिचकावणे, बटण दाबल्यावर एलईडी लावणे, आणि एलडीआरचे ० ते १०२३ मधले वाचन संगणकाच्या पडद्यावर पाहणे. बटणाच्या वेळी पिन नुसतीच सोडली तर ती हवेत तरंगते आणि नुसता हात जवळ नेला तरी बटण दाबल्यासारखे वागते. मुलांना आधी ही गंमत पाहू द्यावी आणि मग आतला पुल-अप रेझिस्टर (तरंगती पिन ५ व्होल्टकडे ओढून धरणारा) चालू करायला शिकवावे.

बोर्ड संगणकाला दिसतच नसेल तर सर्वांत आधी केबल बदलावी. कितीतरी यूएसबी केबली फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांत डेटाच्या तारा नसतातच. त्यानंतर पोर्ट निवडला आहे का ते पाहावे. कार्यक्रमात चूक असण्याची शंका शेवटी घ्यावी.

आणखी एक मर्यादा फळ्यावर लिहून ठेवावी : उनोच्या एका पिनमधून २० मिलिअँपिअरपर्यंतच प्रवाह घ्यायचा. एलईडी चालतो, मोटार चालत नाही. कोणीतरी मोटार थेट पिनला जोडणारच आहे.

७. गाडी

चॅसिस (गाडीचा सांगाडा), दोन पिवळ्या गिअरच्या मोटारी (दुकानात ‘बीओ मोटर’ म्हणून मागाव्यात), दोन चाके, पुढचे फिरते चाक, एल२९८एन मोटार ड्रायव्हर (आर्डुइनोच्या आज्ञेनुसार सेलचा प्रवाह मोटारींना देणारा बोर्ड), सहा एए सेलचा होल्डर आणि दोन इन्फ्रारेड सेन्सर, एवढ्यात रेषेवर चालणारी गाडी होते. इथे अल्कलाइन किंवा रिचार्जेबल सेल घ्यावेत. सेलची संख्या चार ठेवू नये. एल२९८एन स्वतःच सुमारे २ व्होल्ट खातो, शिवाय त्याच्यावरच्या ५ व्होल्टच्या रेग्युलेटरला ६ व्होल्ट अपुरे पडतात, आणि मोटार सुरू होताच आर्डुइनो बंद पडून पुन्हा सुरू होतो. सहा सेलनी दोन्ही भागते. मोटारींचा वेग कार्यक्रमातून पूर्ण वेगाच्या २५५ ऐवजी २०० च्या आसपास ठेवावा. आर्डुइनोसाठी पॉवर बँक लावण्याची युक्ती बरेच जण सुचवतात, पण उनो इतका कमी प्रवाह घेतो की अनेक पॉवर बँका थोड्या वेळाने आपोआप बंद होतात.

जोडणीचा क्रम कटाक्षाने पाळावा. प्रत्येक पायरी चालल्याशिवाय पुढची घेऊ नये.

पहिली पायरी : मोटारीला दोन-तीन सेल थेट लावून ती फिरते का, चाक चॅसिसला घासते का, हे पाहावे.

दुसरी पायरी : मोटारी ड्रायव्हरला जोडाव्यात, पण आर्डुइनो अजून बाजूलाच. ड्रायव्हरच्या नियंत्रण पिनांना एक-एक करून ५ व्होल्टची तार टेकवावी. चाक पुढे, मागे, थांबले. गाडीला आज्ञा म्हणजे नेमके काय पोहोचते, हे इथे हाताने कळते आणि कार्यक्रम लिहिताना मुले अडखळत नाहीत.

तिसरी पायरी : आता आर्डुइनो. ड्रायव्हर आणि आर्डुइनो यांचे ग्राउंड (मायनसची टोके) एकत्र जोडलेले असलेच पाहिजे. या एका राहिलेल्या तारेने जितके तास खाल्ले आहेत तितके बाकी सगळ्या चुकांनी मिळून खाल्ले नसतील. एक चाक पुढे आणि एक मागे फिरले तर कार्यक्रमाला हात न लावता त्या मोटारीच्या दोन तारा उलट कराव्यात. दोन्ही मोटारी समोरासमोर बसवलेल्या असतात, त्यामुळे असे होणारच.

चौथी पायरी : सेन्सर. जमिनीपासून सुमारे १ सेंटीमीटरवर, दोघांच्या मधून रेषा जाईल असे लावावेत. पांढऱ्या कागदावर प्रकाश परततो, काळ्या रेषेवर परतत नाही. डाव्या सेन्सरखाली काळे आले तर डावीकडे वळा, उजव्याखाली आले तर उजवीकडे, दोन्हीकडे पांढरे असेल तर सरळ. सेन्सरवरचा छोटा स्क्रू फिरवून संवेदनशीलता त्या-त्या जागीच जुळवावी लागते.

रेषा पांढऱ्या चार्ट पेपरवर काळ्या इन्सुलेशन टेपने करावी. मार्करने ओढलेली रेषा डोळ्यांना काळीभोर दिसते, परंतु काही शाया इन्फ्रारेड प्रकाश परतवतात आणि सेन्सरला तिथे रेषाच दिसत नाही. गाडी खिडकीजवळ वेडी होते आणि आतल्या बाजूला शहाण्यासारखी चालते, तेव्हा दोष उन्हाचा असतो, कारण सूर्यप्रकाशात भरपूर इन्फ्रारेड असतो, पडदा ओढावा. सेन्सरचा दिवा चालू आहे की नाही हे मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहता येते, तिथे तो जांभळट चमकतो. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही तर पुढच्याने पाहावे.

मोटारी फिरू लागल्या की सेन्सर भलतेच आकडे देत असतील, तर मोटारीच्या दोन टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडचा, म्हणजे १०४ लिहिलेला, कपॅसिटर सोल्डर करावा. ज्यांची गाडी लवकर झाली त्यांना एचसी-एसआर०४ हा अल्ट्रासोनिक सेन्सर द्यावा. तो ४० किलोहर्ट्झचा आवाज सोडतो, आणि प्रतिध्वनीला लागलेल्या वेळेवरून अंतर काढणे हे गणित आठवीच्या मुलालाही जमते.

८. बिघाडाचा तास

गाड्या चालू लागल्यावर पालकांना बोलावण्याआधी एक तास राखून ठेवावा. मुले येण्यापूर्वी प्रत्येक संचात एक बिघाड करून ठेवावा : होल्डरमधला एक सेल उलटा, २२० ओहमच्या जागी १०० किलो, ग्राउंडची तार काढलेली, आतून तुटलेली पण वरून धडधाकट दिसणारी जंपर वायर, एका सेन्सरचा स्क्रू पूर्ण फिरवलेला. प्रत्येक जोडीने कागदावर चार ओळी लिहायच्या : काय दिसले, कशाचा संशय आला, काय मोजले, काय निघाले. मोजल्याशिवाय तार हलवायची नाही. माझ्या मते संपूर्ण वर्गाची खरी परीक्षा हीच, आणि पालकांसमोरच्या प्रात्यक्षिकात गाडीबरोबर हे कागदही टेबलावर मांडावेत.

यापुढे ज्यांना जायचे आहे त्यांनी मुलाच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे का याची चौकशी करावी. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनमधून सहावी ते बारावीसाठी त्या उभ्या राहिल्या आहेत आणि अनेक ठिकाणी सामान असते, शिकवणारे हात कमी पडतात. वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र एका दिवसाच्या सहलीला चांगले, आणि डिसेंबरच्या सुमारास पवईला आयआयटीच्या टेकफेस्टमध्ये मोठ्या मुलांचे रोबो पाहायला मिळतात.

९. सामान आवरणे

शेवटच्या दिवशी होल्डरमधले सगळे सेल काढावेत. विसरलेला सेल पावसाळ्यात गळतो आणि होल्डरच्या स्प्रिंगा खाऊन टाकतो. मुंबईच्या दमट हवेत जंपर वायरच्या पिना आणि ट्रान्झिस्टरचे पाय काळे पडतात आणि मग ब्रेडबोर्डमध्ये संपर्क धरत नाहीत. म्हणून सर्व सुटे भाग घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावेत. संपलेले सेल आणि जळलेले बोर्ड घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्यावेत. प्रत्येक जंपर वायर बीपवर तपासून तुटलेल्या बाजूला काढाव्यात. त्यातल्या चार-पाच पुढच्या बिघाडाच्या तासासाठी खूण करून ठेवल्या तर चालतील. नोंदवहीत काय किती उरले ते त्याच दिवशी लिहावे आणि पुढच्या तुकडीच्या खरेदीची यादी त्याच पानाखाली काढून ठेवावी.